आतून कडी असलेलं स्वयंपाकघर

मी, श्रीमती वनमाला चंद्रप्रकाश घाडी, वय सदुसष्ट, राहणार दहिसर पूर्व, डोकं ठिकाणावर आणि हात शाबूत असताना, कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. आधीचं काही लिहिलेलं असल्यास रद्द. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण म्हातारीला वेड लागलं होतं असं माझा मुलगा निलेश सांगत सुटणार.

१. ही खोली मी मरोळच्या कारखान्यात पुठ्ठ्याची खोकी बनवून, माझ्या फंडातून घेतली. ती मी सून दर्शना हिला पूर्ण मालकीने देते. निलेशला यातली वीटसुद्धा नाही. कारण लिहायची कायद्याने सक्ती नाही, तरी मी लिहिणार.

२. माझी नात ऋता पाच वर्षांची झाली तेव्हा मी तिला भातुकलीचं स्वयंपाकघर बनवलं. शेजाऱ्यांनी टाकलेलं टीव्हीचं कपाट, पोर आत बसून दार लोटेल एवढं, शेगड्यांना जुन्या सीड्या, बटणांना बाटल्यांची झाकणं, सिंकला पोचे आलेला वाडगा. खर्च फक्त सरस आणि खिळ्यांचा. झकास झालं होतं. पहिलं पान आजीला, म्हणून मी पाटावर बसले. ऋताने खोटा भात वाढला, आणि बाहुलीचे केस धरून तिचं डोकं सिंकवर आपटायला लागली. थांबेचना. हे काय गं, म्हटलं.

"आमटी खारट झाली ना. आता ती सांगणार, पाय घसरला."

मी गणपतीला गावी गेले असताना दर्शनाच्या भुवईवर टाके पडले होते. तिनेही मला पाय घसरला असंच सांगितलं होतं.

३. संध्याकाळी मी निलेशला जाब विचारला. त्याने ते कपाट लाथांनी फोडलं आणि दर्शनाचा गळा धरून तिला भिंतीला रेटलं. तिचे डोळे पांढरे व्हायला लागले. मेल्याला वाटलं, आई रडत बसेल. मी हातोडी उचलून त्याच्या मनगटावर घातली. हाड मोडलं. पोलिसांना मीच बोलावलं, आणि त्याचं नि माझं दोघांचंही मीच सांगितलं. मला पश्चात्ताप नाही. पोटचा आहे म्हणून रडू येतं, ते वेगळं. आता तो वाकोल्याला मित्राकडे राहतो. म्हातारी मेली की दोघींना केसांना धरून बाहेर काढतो, असं जिन्यात ओरडून गेलाय. तसं होऊ नये म्हणून हा कागद.

४. माझ्या दोन बांगड्या दर्शनाला. हातोडी, करवत आणि पुठ्ठा कापायचा सुरा ऋताला, मोठी झाल्यावर. निलेशला त्याने फोडलेलं कपाटाचं दार. मी जपून ठेवलंय.

५. मला अग्नी दर्शनाने द्यावा. निलेशने मडकं धरायला येऊ नये. तो हात कशाला वापरलाय, ते सगळ्या चाळीला ठाऊक आहे.

६. स्वयंपाकघर मी पुन्हा बांधलं. नवं दार बसवताना ऋता म्हणाली, "आजी, कडी आतून लाव." लावली. दुसऱ्या दिवशी खोलीच्या दाराची खिळखिळी कडी काढून तिथेही जाड लोखंडी बसवून घेतली. खोलीची कडी कायम राहील. भातुकलीची मात्र, ऋता ज्या दिवशी दार उघडं ठेवून बाहुलीला जेवू घालेल, त्या दिवशी दर्शनाने काढून टाकावी. त्याआधी नाही.

हे सर्व मी वाचून, समजून सही केली आहे.

(सही) वनमाला चं. घाडी

आमच्यासमोर सही झाली, आम्हीही त्यांच्यासमोर केली:
१. माधुरी सहदेव तावडे, शेजारीण
२. डॉ. सुबोध कर्णिक

दहिसर, दि. २२ नोव्हेंबर २०२४