बुडून वर आलेलं जहाज

मंगळवार, भेस्तान

पांडेसऱ्याच्या वहिनी आल्या तेव्हा गौरी मला तिचा गेम दाखवत होती. समुद्रातल्या लढाईचा, एकटीच बनवतेय. तोफगोळा लागून जहाज बुडालं आणि लगेच रिकाम्या बाटलीसारखं उसळून मागच्या टोकावर ताठ उभं राहिलं.

वहिनी म्हणाल्या, "माय, पोरनी केवढं मोठं जहाज बनाडं!"

आणि मी? चारचौघांत लेकीचं कौतुक नुसतं ऐकून घ्यायची सवयच नाही आपल्याला. म्हणाले, "कसलं जहाज वहिनी, धड बुडताही येत नाही त्याला." दोघी हसलो. गौरीही हसली, जरा उशिरा.

वहिनी गेल्यावर विचारलं, "असं उभं का राहतं गं ते?"

"एका बाजूनं पाणी शिरलं की जहाज कलायला हवं. माझ्या जहाजात ते शिरतच नाही, म्हणून वर उसळतं. मला ठाऊक होतं, आई. म्हणून तर फक्त तुला दाखवत होते."

ते ताठ उभं जहाज डोळ्यांपुढून हलत नाही. मी कथा लिहिते, पण कच्चा खर्डा आजवर कुणाला दाखवलेला नाही, हसतील म्हणून. तिनं तिचा मला दाखवला होता.