दरीतली ओ

दि. ८ नोव्हेंबर

चि. धाकट्यास अ. उ. आ.

तू पोचल्याचं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर दोन ओळी लिहून उरलेली जागा तू कुणासाठी राखून ठेवली होतीस ते कळलं नाही. दरीत फोन लागत नाही हे समजलं, पण पेनही लागत नाही का? आई रोज पोस्टमनची वाट बघते आणि तो रिकामा आला की त्या बिचाऱ्यावरच डाफरते. तेव्हा जरा सविस्तर लिहीत जा. आईला आता वाचवत नाही, मीच मोठ्याने वाचून दाखवते, म्हणून अक्षर माणसासारखं काढ.

तू हेच काम का पत्करलंस, हे मी तू निघताना विचारलं नाही, आता विचारते. डोंगरात पायवाटा आखायची कामं काय कमी होती? दादा याच दरीत पाण्याची पातळी मोजायला गेला होता. वरच्या पुलाशी त्याची पिशवी सापडली, चपला सापडल्या, तो मात्र सापडला नाही. इतकी वर्षं झाली, आपण घरात त्या जागेचं नावही काढत नाही आणि तू खुशाल तिथे लोकांच्या सहलीची सोय करायला निघालास. आई तुला जपून राहा एवढंच म्हणाली, याचा अर्थ तिला काही वाटलं नाही असा घेऊ नकोस.

आईची तब्येत बरी आहे. फक्त एक झालं. गुरुवारी शिवणाचं दुकान बंद म्हणून मी घरीच काज करत बसले होते. दुपारी आई आडवी झाली होती. एकदम उठली, मोठ्याने ओ दिली आणि आले आले म्हणत अनवाणी फाटकापर्यंत गेली. फाटकात कुणी नव्हतं. कुणी हाक मारली म्हणून विचारलं तर म्हणाली, कान वाजले असतील. वय झालं की असं होतं म्हणतात. तू लिंबाएवढं तोंड करून बसू नकोस, सहज लिहिलं.

जेवणाची आबाळ करू नकोस. आमच्यावरची माया कार्डापेक्षा मोठ्या कागदावर कळव.

तुझी ताई

---

दि. १४ नोव्हेंबर

ती. ताईस कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. का ते पुढे येईलच. आधी काम सांगतो, म्हणजे माझंही डोकं जागेवर येईल.

वाट वरच्या पुलापासून निघते, दरीच्या कडेने उतरते आणि धबधब्याच्या पायथ्याशी डोहापाशी संपते. लोकांनी कुठे थांबून बघायचं ते पॉइंट मला ठरवायचे आहेत. माझी पद्धत तुला ठाऊक आहे. पहिल्या दिवशी टेप, नकाशा काही बरोबर घ्यायचं नाही, रिकाम्या हाताने चालायचं आणि पाय आपणहून थांबतील तिथे चुन्याची फुली मारायची. मग तिथे सकाळ-दुपार-संध्याकाळ जाऊन बघायचं, ऊन डोळ्यावर येतं का, तुषार कुठवर उडतात, दगडावर पाय ठरतो का. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फोटो काढणारा माणूस मागे सरकत सरकत कुठे जाऊन पडेल ते.

पहिली फुली पुलापाशीच पडली. तिथून पाणी कड्यावरून जाताना दिसतं, कुठे गेलं ते दिसत नाही. गाडीतून उतरून लगेच गाडीत बसणाऱ्यांना तेवढं पुरे. शेवटची डोहापाशी, पण तिथे चष्मा पुसण्यातच वेळ जातो. खरा पॉइंट मधल्या वळणावरचा. समोर अख्खा धबधबा, डोक्यापासून पायापर्यंत. मी उभा राहिलो आणि पाय हलेनात.

ताई, तुझ्या पत्रातल्या त्याच गुरुवारी दुपारी मी या वळणावर घसरलो. दगडावर शेवाळं होतं, कठडा अजून नाही. झुडपाला धरलं म्हणून वाचलो. घसरताना तोंडातून जे निघायचं तेच निघालं, आई गं. आणि समोरच्या कड्यातून कुणीतरी ओ दिली.

प्रतिध्वनी असेल असं मीही आधी म्हटलं. पण कडा आपले शब्द आपल्याला परत देतो, आपल्या हाकेला उत्तर देत नाही. आणि आवाज बाईचा होता. मी तिथे एकटाच होतो. हे मी कुणाला सांगणारही नव्हतो, पण तुझ्या पत्रात गुरुवार वाचला, मग लपवणं जमेना.

आता बरा आहे, कोपर तेवढं सोललंय. लोभ आहेच, पण सध्या जरा जास्त लागेल.

तुझा,
धाकटा

हे आईला वाचून दाखवू नकोस. म्हणून तर पत्र घरी न पाठवता तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतोय.

---

दि. २० नोव्हेंबर

चि. धाकट्यास अ. उ. आ.

अरे शहाण्या, पाकिटावर पत्ता घरचा घातलास! हात सवयीने चालला असेल. आणि वाचून दाखवू नकोस ही सूचना माणूस पत्राच्या डोक्यावर लिहितो, सही झाल्यावर तळाशी नाही. पाकीट आईच्याच हातात पडलं, तिने मला चहाही पिऊ दिला नाही, उभ्या उभ्या वाचायला लावलं. घसरलास तिथे मी अडखळले, पण मी अडखळले की ती पुढचं वाचायला लावतेच, माझ्या आवाजावरून तिला सगळं कळतं. शेवटी तुझी ती सूचनाही तिला वाचून दाखवली.

तिने आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं. तिने पत्र माझ्या हातून घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाली, ती ओ माझीच. आणि मग तिने मला जे सांगितलं ते आजवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

दादा गेला त्या दुपारी ती अंगणात दोरीवर कपडे वाळत घालत होती. तिला दादाची हाक आली. आई, अशी एकच. अगदी फाटकातून यावी तशी. तिने ओ दिली, आले म्हणाली, हातातलं टाकून धावली. फाटकात कुणी नव्हतं. पोरं चेष्टा करतात म्हणून परत येऊन तिने उरलेले कपडे वाळत घातले. तिन्हीसांजेला दादाच्या कचेरीतला माणूस बातमी घेऊन आला.

तेव्हापासून ती एकही रात्र घराबाहेर राहिली नाही, ते गुडघ्यांमुळे नाही रे. पुन्हा हाक आली आणि घरात ओ द्यायला कुणी नसलं तर, म्हणून. माझ्या बाळंतपणालासुद्धा आली नव्हती, मी किती वर्षं मनात धरलं होतं. काल तिच्या मांडीवर डोकं ठेवून लहान मुलीसारखी रडले.

तिला एवढंच जाणून घ्यायचं आहे, आपली ओ त्याला ऐकू गेली का. त्याची हाक आपल्यापर्यंत आली, मग आपलं उत्तर त्याच्यापर्यंत गेलं, की तो कुणी ऐकलं नाही असं समजून गेला. एवढा एकच प्रश्न घेऊन ती इतकी वर्षं आपल्याला जेवायला वाढत होती.

आता ती तिकडे यायचं म्हणते. मी काय करू, कळव. आणि त्या वळणावर पाऊल टाकशील तर माझी शपथ आहे.

तुझी ताई

---

दि. २५ नोव्हेंबर

ती. ताईस कृ. सा. न. वि. वि.

शपथ मोडली, आधीच सांगून टाकतो. राहवलं नाही. काल भर उन्हात, कमरेला दोर बांधून गेलो. आधी तुला हाक मारली. ताई ताई असं स्वच्छ परत आलं. मग साहेबांच्या नावाने एक शिवी हासडली, तीही प्रामाणिकपणे परत आली. मग आई म्हटलं. आई परत आलं नाही. ओ आली.

मी भुताखेताला मानत नाही हे तुला माहीत आहे. पालीला घाबरतो, ते वेगळं. पण मी तिथून जो पळालो तो खोलीची कडी लावल्यावरच थांबलो.

तो पॉइंट मी नकाशातून काढून टाकणार आहे. साहेब ऐकत नाहीत, म्हणतात की तेवढ्यासाठी तर लोक येणार, तो काढलास तर उरलेल्या वाटेवर काय शेळ्या फिरवायच्या? त्यांनी कठडा आणि बाकही मनात पक्के केले आहेत. पण उद्या सहलीची पोरं तिथे येऊन मजेमजेत हाका मारतील आणि समोरून ओ येईल, हे मला सोसणार नाही. वाट वरूनच वळवायचं ठरवलंय. कारण काय सांगायचं ते बघू, दगड ठिसूळ आहे म्हणेन.

आईला आणू नकोस. माझं ऐक. हाक आली की ती आले म्हणत उठते आणि चालू लागते, हे तूच लिहिलंस. घरी पुढे फाटक आहे. इथे फाटक नाही.

राग धरू नकोस, आणि धरलास तरी माया आटू देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

---

दि. १ डिसेंबर

चि. धाकट्यास अ. उ. आ.

ती येते आहे. मी पाया पडले, रुसले, गुडघ्यांची भीती घातली. तिने बॅग भरली आहे, त्यात अंगाचा साबणही आहे, जसा काही तुमच्याकडे साबण मिळत नाही. शेजारचे डॉक्टर त्यांच्या गाडीतून पुलापर्यंत नेऊन सोडतील आणि दोन दिवसांनी परत घेऊन येतील.

मी येत नाही. घरात कुणीतरी हवं, यावर ती अडून बसली होती. शेवटी दुपारभर घरातच बसेन, हाक आली तर मीच ओ देईन असं कबूल केलं तेव्हा तिचा पाय निघाला. दुकान तेवढे दिवस बंद. गणवेशांची गिऱ्हाइकं माझ्या नावाने खडे फोडतील, फोडू देत.

धाकट्या, तिचा हात सोडू नकोस. एक भाऊ त्या दरीने घेतला. यापुढचं मला लिहवत नाही.

तुझी ताई

---

दि. ५ डिसेंबर

ती. ताईस कृ. सा. न. वि. वि.

आई सुखरूप आहे, हे आधी लिहितो, मग तू श्वास घे.

काल सकाळी निघालो. मी आधीच वळणावर दोर बांधून घेतला होता, घडीची खुर्ची नेऊन ठेवली होती. आई हळूहळू उतरली, वाटेत मला दोनदा हळू चाल म्हणून ओरडली. पहिल्या पॉइंटवर डोकावून म्हणाली, हे काय बघायचं, पाणी पळून जाताना दिसतंय नुसतं. मला हसू आलं आणि हसतानाच रडूही येईल की काय असं वाटलं. दादा इथूनच गेला हे तिला ठाऊक होतं. तिने पुलाच्या दगडाला हात लावला आणि पुढे चालू लागली.

वळणावर तिला खुर्चीत बसवलं. तिचं मनगट मी इतकं घट्ट धरलं होतं की नंतर वळ उठलेले दिसले. तिने पाणी वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. मला वाटलं, दादाला हाक मारेल. तिने नाही मारली. मलाच म्हणाली, तू मार, त्या दिवशी मारलीस तशी.

ताई, जन्मापासून तो शब्द म्हणतोय, पण काल तोंडातून निघेना. ती शेजारी बसली असताना तिला समोरच्या कड्यात कशी हाक मारायची? शेवटी डोळे मिटले आणि मारली. मग लगेच उघडले, कारण मला तिचं तोंड बघायचं होतं. तिचे ओठ मिटलेले होते.

समोरून ओ आली. आणि या वेळी त्या ओच्या पाठोपाठ, जरा दबलेलं, आले.

ती उठेल म्हणून मी सगळं अंग तिच्यावर टाकलं. ती उठली नाही. मान कलती करून ऐकत राहिली. मग म्हणाली, कसला खणखणीत आवाज होता रे माझा. आणि ते आले असं चेपल्यासारखं का येतंय माहितीये का, त्या दुपारी मी कपड्यांना लावायचा चिमटा दातांत धरला होता. ओ देताना तो पडला, पुन्हा दातांत धरला आणि धावले. हे तिला स्वतःलासुद्धा आजवर आठवलं नव्हतं.

माझी ओ त्याच्यापर्यंत पोचली होती, म्हणाली. एवढंच. मग ती रडली. दादा गेला तेव्हा ती आपल्यासमोर अशी रडली नव्हती. मी तिच्या पायाशी बसलो आणि मीही मोकळा झालो. भीती वाटत होतीच, ती काही गेली नाही. पण आई रडत असताना पळून कसं जाणार?

सावरल्यावर मी तिला सांगितलं की हा पॉइंट मी काढून टाकतोय, कुणालाही इथे येऊ देणार नाही. तर ती माझ्यावर भडकली. म्हणाली, बांध. छातीपर्यंत कठडा घाल, शेवाळं खरवडून काढ, बसायला जागा कर, म्हाताऱ्यांनाही येता आलं पाहिजे. किती लोकांची पोरं या वाटेने जाणार, ज्याचा पाय सरकेल त्याच्या तोंडून तेच निघणार. त्याला ओ द्यायला कुणी नको का?

मी तिथेच नव्याने फुली मारली. साहेबांना दुपारी कळवलं, ते खूश झाले, त्यांना आपला विजय झाला असं वाटतंय.

आई आता माझ्या खोलीत बसून माझ्या शर्टाची बटणं लावते आहे. उद्या निघेल. हे पत्र आजच तिकडे निघालेल्या आमच्या माणसाबरोबर देतोय, म्हणजे तिच्या आधी मिळेल. तिला फाटकात घ्यायला जा आणि काही विचारू नकोस, आपणहून सांगेल. आपल्या दोघांत जी माया आहे ती आहे तशीच ठेव, तेवढंच मागणं.

तुझा,
धाकटा

ता. क. लिहू की नको असं चाललं होतं, पण तुझ्यापासून लपवलं की काय होतं ते पाहिलंच आहे. परत चढताना आम्ही वळणावरून बरंच वर आलो होतो, तेव्हा मागून पुन्हा ओ आली. आले, तेही आलं. मी हाक मारली नव्हती. आईनेही नाही. खालच्या वाटेवर दुसरं कुणी नव्हतं, मी वळून नीट पाहिलं. मी तिथेच थांबलो. आईने मागे पाहिलंसुद्धा नाही. कुठेतरी कुणाचातरी पाय घसरला असेल, म्हणाली. मग माझा हात ओढला आणि म्हणाली, चल, ती बघेल.