बंधाऱ्याखालची चप्पल

१४ सप्टेंबर, कर्जत

बरेच दिवस लिहिलं नाही, चुकलंच. आज लिहिल्याशिवाय राहवणार नाही.

कोंडाण्याजवळच्या ओढ्यावर जुन्या बंधाऱ्याच्या जागी उंच नवा बंधारा व्हायचाय. त्याचा पहिला आराखडा माझा, म्हणून जागा पाहायला गेले. भिंतीवरून पडलेलं पाणी खालच्या काँक्रीटच्या फरशीवर घुसळून निघतं आणि फरशी संपेपर्यंत शांत होतं, असं मी कागदावर धरलंय. पण तिथं जुन्या बंधाऱ्याची फरशी संपते त्याच्याही पुढे एक निळी चप्पल गरगरत होती. बुडायची, आणि पुन्हा भिंतीकडे यायची.

दगडावर कपडे धुणारी बाई हसली. "माजीच हाय ती, ताई. सकाळपास्नं फिरतेय. आमच्या नवऱ्यासारखी, येत पण नाय नि जात पण नाय!"

मीही हसले, पण नजर हटेना. वरून किती संथ पाणी, आणि पोटात एवढी ताकद! माझा अंदाज तिला पुरेल? नव्या बंधाऱ्याची फरशी त्या दगडाच्या जेमतेम अलीकडे संपते. म्हणजे याहून मोठी घुसळण बायकांच्या पायाशी. चप्पल पुन्हा वर आली.

उद्या: आराखड्यावर आधी धुण्याचा दगड दाखवणे, मग फरशीची लांबी ठरवणे.