विळ्याचं टोक, दवण्याची कांडी

आये, चुलीतून विळा ओढताना आधी राखेची खरखर व्हायची, आणि मग तो कातडीला टेकला की चर्र. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तुझा स्वतःचा आवाज आता मला नीट आठवत नाही, पण हा आठवतो. डोळखांबकडच्या आपल्या घरात, कुडाच्या भिंतीआड, सारखं कुणी ना कुणी ओरडत असायचं. कावीळ, पोटात गोळा, कमरेत उसण, सगळ्यांवर तुझं औषध एकच, विळ्याचं लाल टोक. माणसं हातपाय आवळून धरायची, तू पदर खोचून वाकायचीस नि म्हणायचीस, "हलू नको रे, हललास तर परत देन." माझी कावीळ निघाली तेव्हा मामाने छातीवर गुडघा रोवला होता. वर आढ्याला एक चिमणी बसली होती. मी तिच्याकडे बघत शाळेतली पाखराची कविता मनातल्या मनात चालीवर म्हणत होतो. दुसरं कडवं काही केल्या आठवेना. पोटावरचे ते डाग अजून आहेत, वाळल्या चिंचोक्यांसारखे.

पुढे मी शाळेत शिपाई झालो ते तुला ठाऊक आहेच. जन्मभर वर्गाबाहेर बाकावर बसून मास्तरांच्या कविता ऐकल्या, त्यावरच जगलो म्हण. आता किन्हवलीत राहतो. गेल्या वर्षापासून कमरेतून एक शिणक निघते ती थेट टाचेपर्यंत जाते. शहापूरच्या हाडांच्या डॉक्टरांनी सायटिका म्हणून गोळ्या दिल्या, थोडा फरक पडला. मग शेजारचा टमटमवाला म्हणाला, बाजाराच्या दिवशी मुरबाडची एक डॉक्टरीण येते, चिनी पद्धतीने सुया टोचते. मी निघालो तर हाच मला हसतो, "अण्णा, सांभाळून हां. टोचून घ्याल नि सगली हवा जाईल तुमची, मग मी पिशवीत घालून आनू काय?"

तुझ्या नातीच्या वयाची मुलगी आहे ती. आधी जीभ बघितली, मग मनगटावर तीन बोटं ठेवून किती तरी वेळ नाडी बघितली. सुई केसाएवढी बारीक. टोचली की दुखत नाही, आत कुठे तरी जड, मुंग्यांसारखं काही तरी सरकतं. ती म्हणाली, "चिनी वैद्य मानतात की अंगातून वाटा जातात, वाट तुंबली की दुखणं. मला वाट कापून दाखवता येणार नाही आजोबा, पण दुखणं पुष्कळांचं कमी होतं. जादू नाही हां. गोळ्या चालू ठेवा." मग काढ्याचं सांगितलं. एका पुडीत साली, मुळं, सुंठ, ज्येष्ठमध असं बरंच. त्यात एक औषध राजा, एक त्याचा प्रधान, एक प्रधानाला आवरणारं आणि एक वाट दाखवणारा जासूद. एकाची पुडी दुसऱ्याला चालत नाही. मला ते फार आवडलं, आये. पायात सुया घेऊन मी पडून होतो आणि हलक्या आवाजात कविता म्हणत होतो, ती टेबलावर बोटाने ठेका धरत होती.

पुढच्या बाजाराला पायात सुया टोचून झाल्यावर तिने कांडी काढली. दवण्याच्या जातीचा पाला वाळवून, कुटून विडीसारखा वळलेला. ती पेटवून फुंकर मारली तेव्हा टोक लाल झालं. मी विचारलं, "आमच्याकडं डाग देतात तेच ना हे?" तिचा चेहरा कडक झाला. "नाही. डागाने माणूस भाजतो, लहान पोरं दगावतात. ही टेकवायची नसते, लांबून शेकायचं. चटका वाटला की नुसतं 'पुरे' म्हणा, मी हात उचलीन." मी ऐकलं, आये. पण ते लाल टोक पोटरीजवळ आलं, आणि 'पुरे' म्हणता येतं हे माझ्या अंगाला माहीतच नव्हतं. मूठ गेली. तिच्या डोळ्याखाली बसली, ती भिंतीवर आदळली, कांडी चादरीवर पडून चादर जळाली. पायातल्या सुया वाकल्या, रक्त आलं. मी ओरडत होतो नि परत मारायला हात उगारलेला होता. बाहेर थांबलेला टमटमवाला धावत आत आला, त्याने मला मागून कवळा घालून धरलं. तिने एकेक सुई काढली आणि म्हणाली, "घेऊन जा यांना."

तेव्हापासून मला तो दिवस दिसतोय. पलीकडच्या पाड्यावरचं तान्हं पोर, पोट फुगलेलं. तू डाग दिलेस आणि सकाळी ते गेलं. भर दुपारी माणसं येतात. तुला केसांना धरून अंगणात ओढतात, कमरेत लाथा घालतात. पोराचा बाप तुझाच विळा चुलीत तापवतो, तुझ्या उजव्या तळव्यावर ठेवतो नि तुझी मूठ आवळून धरतो. मला मिसरूड फुटलेलं, तरी दोघांनी कुंपणाशी दाबून धरलंय. चर्र. तू ओरडली नाहीस. फोड सुकले नव्हते तोच त्याच पाड्यावरून एक बाई पोर घेऊन आली, आणि तू डाव्या हातात विळा घेतलास. मी म्हटलं, आये, अजून? तू म्हणालीस, "त्यांना दुसरं कोन हाय रे?" खरंच कोणी नव्हतं. आणि तरी ते पोर तुझ्या हाताने गेलं. दोन्ही खरं आहे, आणि मला त्यातलं एकही टाकता येत नाही.

दोन बाजार मी गेलो नाही. पाय आता मोरीपर्यंतही नेत नाही. ती मला परत हात लावील अशी आशा सोडून हे लिहायला बसलो होतो.

आत्ता दार वाजलं. टमटमवाला असेल म्हणून ओरडलो, उघडंच आहे. आली ती. डोळ्याखाली अजून हिरवट. म्हणाली, "मारून घ्यायला नाही आले हां आजोबा. सुया आणल्यात, कांडी घरी ठेवलीय." मी उठून बसताना सदरा वर सरकला, पोटावरचे डाग तिला दिसले. मग तिने विचारलं, "तेव्हा खूप दुखलं का?"

ती ओट्यावर बसून चपलेतला खडा काढतेय, तेवढ्यात एवढं लिहितो. आये, तू गावभर सांगत फिरायचीस की माझ्या पोराने डाग घेताना हूं की चूं केलं नाही. तोंडात फडकं कोंबलं होतंस. हे तुझ्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून पहिल्यांदा तिलाच सांगतो, की हो, दुखलं.