जगदेवीच्या पुटकुळ्या

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
लातूर, ता. ३ फेब्रुवारी १९८६

चि. सौ. गौरम्मास, रत्नम्माचे अनेक आशीर्वाद.

रागात लिहिते आहे, वाचून तू रागावलीस तरी चालेल. तुझ्या नांदेडच्या डॉक्टरची ती ट्यूब मी माळ्यावर टाकली. तुझ्या जगदेवीच्या पुटकुळ्या गेल्या नाहीत, माझ्या हिरव्या अभ्र्याचा रंग मात्र उडाला. जे कापडाला खातं ते लेकराच्या गालाला सोडेल का? शिवाय लावायच्या आधी तोंड धू, नंतर धू. इथं जिल्हा झाला, कचेऱ्यांवर पाट्या लागल्या, पण टँकर आला तरच घागर भरते.

हे सगळं पोटातल्या उष्णतेचं आहे. शेंगाची चटणी, गूळ, लोणचं, तळलेलं बंद केलंय. मुगाचं वरण, भाकरी आणि पूजेनंतर गालांना विभूती. सोळा तारखेला निलंग्याचे मडिवाळप्पा मुलाला घेऊन तिला पाहायला येणार आहेत. मुलगा नव्या कलेक्टर कचेरीत लागलाय. तोवर चेहरा स्वच्छ करून दाखवीन.

लोभ आहेच, तो भांडणाने तुटायचा नाही.

तुझी अक्का


नांदेड, ता. ८ फेब्रुवारी

ती. सौ. अक्कास, गौरम्माचा शि. सा. नमस्कार.

नमस्कार केला, आता ऐक. रंग उडतो हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून तर पांढरा पंचा पिशवीत घालून दिला होता. फरक पडायला दोन महिने लागतात, तुला तेवढा धीर कुठला! आणि विभूती कपाळाला लावतात, गालांना चोळत नाहीत. अकरावीची पोर, नुसत्या वरणावर वर्गात चक्कर येऊन पडली तर?

पण चटणीचं राहू दे. स्थळ बघायला तुला सांगितलं कुणी? मी पोरीला तुझ्याकडे शिकायला ठेवली, दाखवायला नाही. मला सातवीतून उठवलं तेव्हा अप्पांशी भांडली होतीस ती तूच ना? आज तूच माझ्या लेकीला उठवायला निघालीस! मडिवाळप्पांना येऊ नका म्हणून कळव. नाहीतर तिला घेऊन जाईन आणि पुन्हा तुझी पायरी चढणार नाही.

माया रागाच्या खाली आहे, शोधायची तर शोध.

गौरम्मा


लातूर, ता. १७ फेब्रुवारी

ती. सौ. आईस, जगदेवीचा सा. नमस्कार.

तुझं पत्र वाचून मावशी चुलीपुढे बसून रडली, पण पाहुण्यांना काही कळवलं नाही. शब्द दिलाय, म्हणाली. मलाही संताप आला. तुम्ही दोघी माझ्या गालांवरून भांडता, मला कुणी विचारलंच नाही. मग ठरवलं, चेहरा इतका खराब करायचा की पाहुणे उंबऱ्यावरूनच परततील. ट्यूब माळ्यावरच राहू दिली. मैत्रिणीच्या घरी चार-पाच दिवस शेंगाची चटणी, गूळ, भजी, हाताला येईल ते खाल्लं. आई, एक पुटकुळी वाढली नाही! मावशी म्हणते, विभूतीचा गुण.

काल पाहुणे आले. मडिवाळप्पा चष्मा पुसून पुसून बघत होते. म्हणाले, वयाच्या पुटकुळ्या हायत, लगीन झालं की जातील, पोरगी पसंत हाय. मी पुटकुळ्यांच्या भरवशावर बसले आणि फसले. मग मलाच बोलावं लागलं. चहाचा ट्रे खाली ठेवला आणि सांगितलं, मला लगीन न्हाई करायचं, मी अजून शिकायलेय.

पाहुणे चहा न घेता उठले. मावशी कालपासून माझ्याशी बोलत नाही. पण आज सकाळी ताटात भाकरीशेजारी शेंगाची चटणी होती, आणि मोरीच्या कोनाड्यात ती ट्यूब, पांढऱ्या पंच्यासकट.

न्यायला येऊ नकोस. परीक्षा जवळ आली आहे.

दोघींचा लोभ असू द्या, फक्त माझ्या गालांना त्यातून वगळा.

तुझी जगदेवी