माझ्या जागी कोणाला बसवू नये

मी, शरयू अनंत मुजुमदार, वय ५६, शिक्षण मॅट्रिक, राहणार सांगली, श्रीगजाननाला स्मरून, पूर्ण शुद्धीत आणि कोणी न सांगता हे लिहीत आहे. सोमवारी मिरजेला माझ्या पोटाचं ऑपरेशन आहे.

१. घर यजमानांच्या नावावर आहे, त्याबद्दल मला बोलता येत नाही. पोस्टातली शिल्लक सून मयूरीला, बी.एड.च्या फीसाठी. ती दुसऱ्या कशाला काढू नये.

२. आमच्या वधूवर केंद्राचं कॉम्प्युटर मशीन. महिलांना कर्ज मिळतं म्हणून माझ्या नावावर घेतलं, म्हणून ते माझं. १९८९ साली यजमान म्हणाले, "माणूस मिळेपर्यंत तू बस." माणूस मिळाला नाही.

एका मुलाची पत्रिका नोंदवलेल्या सगळ्या मुलींशी जुळवायची असते. मशीन एका वेळी एकच काम करतं, तोवर दुसरं नाव घालता येत नाही. पहिलं मशीन टू एटी सिक्स, त्यावर दोनशे मुली जुळेपर्यंत माझ्या तीन माळा जप होई. कुकर लावून येता येई. थ्री एटी सिक्सवर त्याच दोनशेंना एक माळ. फोर एटी सिक्सवर सत्तावीस मणी. गेल्या वर्षी पेंटियम आलं, नऊ मणी. वहीत नोंद आहे.

दर वेळी पुण्याहून मुलगा धवल म्हणाला, "आई, याने तुझा त्रास निम्मा होईल." दुरुस्तीला येणारा शेजारचा नईम खरं बोलला, "काकू, आधी तुमी मशीनसाठी थांबत होता, आता ते तुमच्यासाठी थांबतंय." जरा उठलं की यजमान बाहेरून विचारतात, "मशीन रिकामं दिसतंय, गेलीस कुठं?" गिऱ्हाइकांदेखत काय सांगणार? आम्हा दोघांचे छत्तीसपैकी एकतीस गुण जुळतात. चारही मशीनवर पाहिलं, एकतीसच.

३. परवा यजमान म्हणाले, "आठ दिवस मयूरी बसेल." त्यांचे आठ दिवस मला ठाऊक आहेत. म्हणून मशीन मयूरीच्या नावे लिहिलं होतं, विकून मोकळी हो म्हणून. नईमची आई सलिमा म्हणाली, "आवं, तिच्या नावावर केलं तर तिलाच बसवतील. तुमचं हाय म्हणून तुमी सुटला का?" ते खोडून लिहिते: माझ्यामागे मशीन नईमला. त्याने पहिल्याच दिवशी, सुतक न पाहता, उचलून न्यावं. धवलने पेंटियम टू आणून दिलं तरी मयूरीने त्याला हात लावू नये. ही सासूची आज्ञा समजावी.

४. दवाखान्यात माझ्याजवळ मयूरीलाच ठेवावं. दुसऱ्या कोणाच्या हातचं पाणी मी घेणार नाही.

५. मी बरी होऊन आले तर हा कागद लागू नाही, आणि बसायचं मलाच. मी बसले तर मयूरी मोकळी राहील. मी गेले तर आम्ही दोघीही मोकळ्या. त्यामुळे देवापुढे काय मागावं ते ठरत नाही. नुसता नमस्कार करून उठते.

पुन्हा वाचलं, खाडाखोड माझीच आहे.

(सही) शरयू अनंत मुजुमदार

साक्षीदार:
१. सलिमा मोहिद्दीन मुलाणी, शेजारी
२. डॉ. कृष्णात माने. बाईंना तपासले, शुद्धीत आहेत.

सांगली, शनिवार, दि. ७ मार्च १९९८