आठवर घ्या, सिस्टर

९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

चार वर्षांचे साचलेले नमस्कार एकदमच पाठवते. पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू ते आधी बाजूला ठेवलं असशील, आणि भावोजी म्हणाले असतील, "उघड की, चावणार नाही ते." उघडलंस ना?

मी बरी आहे. नोकरी तीच, ऑपरेशन थिएटरमधली. स्वयंपाकघरातला नळ गळतो, प्लंबर रोज उद्या येतो. खालच्या मजल्यावरच्या आजींनी मला शिष्ट ठरवून टाकलंय. जिन्यात त्या पाठीमागून हाक मारतात म्हणे, आणि मी सरळ निघून जाते.

आमच्याकडे आता पोटाची बहुतेक ऑपरेशनं दुर्बिणीतून होतात. तीन-चार बारीक भोकं पाडायची, पोटात गॅस भरून ते फुगवायचं म्हणजे आत काम करायला जागा होते, आणि कॅमेऱ्यातून दिसेल ते पडद्यावर बघत हत्यारं चालवायची. रोगी दुसऱ्या दिवशी चालत घरी जातो. मी टेबलापासून लांब असते. हवं ते उघडून द्यायचं, नोंदी ठेवायच्या, गॅसच्या मशीनवरचा दाबाचा आकडा आमचे सर्जन सर सांगतील तसा कमीजास्त करायचा. पूर्वी पोट उघडून ऑपरेशन व्हायचं तेव्हा काही हवं असलं की सर मान वर करून माझ्याकडे बघायचे. आता सगळ्यांचे डोळे पडद्यावर, आणि तोंडाला मास्क तर पहिल्यापासूनच. जे काही बोलायचं ते पडद्याशीच.

गेल्या महिन्यात आमच्याकडे एक बाई गेल्या. पित्ताशयातले खडे काढायचे होते, अगदी साधं ऑपरेशन. चौकशी चालू आहे. माझा त्यात काही संबंध नाही, तू उगाच डोक्यात काही घेऊ नकोस. सहज लिहिलं.

एक काम होतं. तू माझे कान तपासले होतेस तो कागद अजून आहे का तुझ्याकडे? असला तर पाठव. कशाला, ते विचारू नकोस.

धाकटी

२६ फेब्रुवारी

ताई,

कागद मिळाला. पंचवीसपैकी चौदा. माझ्या डोक्यात सतरा होते. म्हणजे एवढी वर्षं मी स्वतःच स्वतःला तीन मार्क वाढवून दिले होते.

तो दिवस मला चांगला आठवतो. तुझ्या श्रवण-तपासणी केंद्रातली ती गादी लावलेल्या भिंतींची खोली, कानांवर हेडफोन, मागे गर्दीचा गोंगाट आणि त्यातून एकेक शब्द. ऐकायचा आणि परत म्हणायचा. मी 'ताट' म्हटलं तेव्हा काचेपलीकडे तुझा चेहरा पडला, तिथेच मला कळलं की तो शब्द 'पाट' होता.

बाहेर आल्यावर तू समजावून सांगितलंस. माणूस शब्द पुरता ऐकून मग ओळखत नाही. सुरुवातीचा आवाज कानावर पडला की मनात त्याच्यासारखे चार-पाच शब्द उभे राहतात, पुढचे आवाज येतील तसे नको ते गळून पडतात, आणि उरतो तो आपल्याला ऐकू आला असं वाटतं. "तुझ्या कानात बारीक आवाज पोचतच नाहीत," तू म्हणालीस, "त्यामुळे गळायचे ते शब्द गळत नाहीत. मग तू प्रसंग बघून त्यातला एक उचलतेस. आणि वाईट हे की उचलला हे तुला कळत नाही. तुला ऐकूच आला असं वाटतं."

"थिएटर सोड," तू म्हणालीस. "वॉर्डात बदली मागून घे."

मग मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, तुला पाठ असेल. मी तुला शपथ घातली होती, कुणाला सांगितलंस तर तुझं तोंड बघणार नाही. तू सांगितलं नाहीस आणि तरी मी तुझं तोंड बघितलं नाही.

तू पत्रात लिहिलंस की तेव्हाच हॉस्पिटलला कळवायला हवं होतं, ते तुझं चुकलं. ताई, ते वाक्य वाचून मला बरं वाटलं. अर्धा दिवस खरंच हलकं वाटलं, की चला, निम्मं हिच्या माथी. मग स्वतःचीच इतकी किळस आली की ताट तसंच सारून उठले.

म्हणजे तू ओळखलंयस. तू विचारलं नाहीस, पण ओळखलंयस.

त्या बाई आणि त्यांचे यजमान मिळून कपडे दुरुस्तीचं दुकान चालवायचे. बाई साठीच्या, हृदय जरा कमजोर, तोंड मात्र दणकट. मी त्यांना आत नेत होते तेव्हा म्हणाल्या, "चारच भोकं ना? मी दिवसाला चाळीस काजं करते, त्यातलं एकही कधी रडलं नाही." त्यांचं तोंड माझ्याकडे होतं, म्हणून मला शब्दन् शब्द कळला. मी हसले. त्यांच्याशी झालेलं ते शेवटचं बोलणं.

ऑपरेशन निम्म्यावर आलं असताना त्यांची नाडी मंदावायला लागली आणि थोड्या वेळाने हृदय बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, पण फार उशिरा. त्या शुद्धीवर आल्याच नाहीत, चौथ्या दिवशी गेल्या.

समितीने ठपका भूल देणाऱ्या डॉक्टरांवर ठेवलाय, त्यांना कामावरूनही काढलंय. पोरसवदा आहेत, हळू बोलणारे, कुणाला 'अरे'सुद्धा न म्हणणारे. औषधाचा डोस चुकला असणार, असं ठरलंय. कारण पोटातल्या गॅसच्या दाबानेही नाडी मंदावते, पण सरांनी प्रेशर वेळेवर आठवर आणायला सांगितलं होतं आणि मशीनवर शेवटी आठच होतं, हे सगळ्यांनी बघितलं.

शेवटी आठ होतं, ताई. मधे अठरा होतं. ते फक्त मी बघितलं.

आज एवढंच लिहवतंय.

धाकटी

१९ मार्च

ताई,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तर लिहायला बसले की हात थांबायचा. आता सगळं करून झालंय, म्हणून लिहिते.

नाडी मंदावतेय, प्रेशर कमी करा, असं ते भूल देणारे डॉक्टर म्हणाले होते. ते मला ऐकूच आलं नाही. ते रोग्याच्या डोक्याशी, मधे कापडाचा आडोसा, त्यात त्यांचा आवाज तो तसा. मला दिसत होता तो पडदा, आणि त्यावर नेमकं त्याच वेळी थोडं रक्त आलं होतं. सर म्हणाले, "आठवर घ्या, सिस्टर." मला ऐकू आलं, "अठरावर घ्या." आदल्याच आठवड्यात एका रोग्याला रक्तस्राव झाला तेव्हा त्यांनी प्रेशर खरंच वाढवायला लावलं होतं. वाढलेल्या दाबाने रक्त थोपून राहतं. माझ्या मनात अठराच उभं होतं.

मी अठरा केलं. कमजोर हृदयाच्या बाईच्या पोटात कमी करायच्या ऐवजी मी दाब वाढवला.

पुढची तीन-चार मिनिटं ते दोघं वाद घालत होते. सर म्हणत होते, "गॅस मी कधीच उतरवलाय, तुमच्या औषधांचं बघा." आणि ते बिचारे एकामागून एक इंजेक्शनं देत होते. दोघंही हुशार, दोघंही चुकीच्या जागी शोधत होते. मग सर ओरडले, "सगळा गॅस बाहेर सोडा!" ते मला कळलं. मी मशीनकडे वळले, आकडा बघितला, आणि सगळं लख्ख समजलं. गॅस सोडला. त्याच हाताने अठराचं आठ केलं.

कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप गेला, असं मी स्वतःला सांगत आलेय. आपोआप नाही गेला. मागे कुणी बघतंय का, हे आधी बघितलं होतं मी.

आणि याहून वाईट अजून सांगायचंच आहे. आमच्याकडे नियम आहे. सांगितलेला आकडा सिस्टरने मोठ्याने परत म्हणायचा. मी नुसतं "अठरा" म्हटलं असतं, तर सर तिथल्या तिथे ओरडले असते, "आठ! आठ!" आणि त्या बाई आज काजं करत असत्या. मी दोन वर्षांपूर्वीच परत म्हणणं सोडलं होतं. चुकीचं म्हटलं की सगळे हसायचे, आणि एकदा सर गमतीत म्हणाले, "सिस्टर, कान घरी विसरलात का?" तेव्हापासून मी फक्त "हो सर" म्हणायला लागले. बहिरेपण माझ्या हातात नव्हतं. "हो सर" म्हणणं माझ्या हातात होतं.

मागच्या सोमवारी मी मेट्रनबाईंकडे लेखी जबाब दिला. तुझा कागद जोडला. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि माझ्याकडे तोंड करून सावकाश म्हणाल्या, "आता कशाला? गेलेली बाई परत येणार आहे का?"

"डॉक्टरांची नोकरी तरी परत येईल," मी म्हटलं.

ती आली. हॉस्पिटलने त्यांना तसं कळवलं. त्यांनी दोन ओळींत नकार पाठवला. कुणाच्या डोक्याशी उभं राहून भूल देणं आता जमणार नाही, असं. म्हणजे माझ्या खरं बोलण्याचाही कुणाला उपयोग झाला नाही. मला कामावरून काढलंय. पुढे कोर्ट आहे, परवाना बहुतेक जाईल. तो जावाच.

काल त्या बाईंच्या यजमानांकडे गेले. दुकान म्हणजे एक लांबट खोली, दोन शिलाई मशीनं शेजारी शेजारी. एकावर झाकण. दुसऱ्यावर ते कुणाच्या तरी पँटची कड दुमडत बसले होते. त्यांना वाटलं गिऱ्हाईक आलं. म्हणाले, "काय लहान करायचंय?"

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांच्या तोंडाकडे बघत सांगितलं, कारण मान खाली घातली असती तर त्यांचं बोलणं मला कळलं नसतं. त्यांनी मधे एकदाच विचारलं, "तिला दुखलं का?" नाही म्हटलं. ते खरं आहे, ताई. त्या झोपेत होत्या.

मग ते उठले. पाठ माझ्याकडे केली आणि भिंतीवरच्या दांडीला टांगलेले कपडे सारखे करत राहिले. सारखेच होते ते. आणि तसेच पाठमोरे काहीतरी बोलले. दोन शब्द. दुसरा 'आता' होता, तो कळला. पहिला नाही कळला. "या आता" म्हणाले, की "जा आता"?

घरी आलेल्या माणसाला निरोप देतात, तसं की दारातून हाकलतात, तसं? एवढ्यावर सगळं आलं होतं आणि मला ते ओळखता आलं नाही. प्रसंग बघून काय उचलू? दोन्ही बसत होते. आणि परत कसं विचारणार, ताई? असल्या बोलण्यावर "काय म्हणालात?" असं कुठल्या तोंडाने विचारायचं? मी थोडा वेळ थांबले, ते वळतील म्हणून. ते वळले नाहीत.

रात्रभर मी ते दोन शब्द दोन्ही तऱ्हांनी म्हणून बघितले.

तू येते म्हणालीस. नको येऊस. मला बघून तुला दया येईल, आणि ती मला आत्ता सोसायची नाही. फोनही करू नकोस. तुझा आवाज ओळखू येईल, शब्द येणार नाहीत, आणि मी परत सवयीने "हो, हो" म्हणत राहीन. लिही. मोठ्या अक्षरात नको, नेहमीच्याच अक्षरात.

उत्तर नाही आलं तरी चालेल, असं लिहून पत्र संपवणार होते. नाही चालणार, ताई.

तुझीच,
धाकटी